टॉवर नसलेल्या आकाशात कानोसा कसा घ्यायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेत प्रायव्हेट पायलट होऊन तुम्हाला सहा महिने झालेत. विमान सेसना १७२, त्यात दोन रेडिओ. घरच्या विमानतळाला टॉवर, म्हणजे उतरायची-उडायची परवानगी देणारा कंट्रोलर, नाही. शनिवारी-रविवारी शंभर-दीडशे मैल जाऊन येता, तेही बहुतेक टॉवर नसलेल्याच ठिकाणी. मधला तासभर कुणाशी बोलायची कायद्याने सक्ती नसते, मग तेव्हा रेडिओवर काय लावून ठेवायचं? शिकवणाऱ्यांनी सांगितलं १२१.५, ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी. हँगरमधले काका म्हणतात फ्लाइट फॉलोइंग घे, म्हणजे रडारवरच्या कंट्रोलरला नजर ठेवायला सांग. एक मित्र म्हणतो रेडिओ बारीक कर आणि गाणी ऐक. त्यात गेल्या आठवड्यात तुम्ही डाउनविंडवर, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, जात असताना एक विमान नाकासमोरून सरळ फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, गेलं आणि त्याआधी ते रेडिओवर एकदाही बोललं नव्हतं. "मी ऐकण्यात कुठे चुकलो?" हे तुमचं शेवटचं वाक्य.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात दडलंय. मी इलिनॉयमधल्या मक्याच्या शेतांवरून बावीस वर्षं उडतेय, त्यातली बरीचशी शेजारच्या सीटवर विद्यार्थी बसवून. "ते रेडिओवर आलंच नव्हतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय आणि स्वतः इतक्यांदा म्हटलंय, की आता उलट विचारते: आलं नव्हतं, की तुझ्या रेडिओवर आलं नव्हतं?

एक गैरसमज आधी काढून टाकू. आपण सरसकट "अनकंट्रोल्ड" म्हणतो, पण क्लास जी हवाई क्षेत्र इथे बहुतेक ठिकाणी जमिनीपासून ७०० किंवा १,२०० फुटांपर्यंतच असतं. त्यावर क्लास ई सुरू होतं आणि ते कागदोपत्री नियंत्रित आहे. म्हणजे तुम्ही ४,५०० फुटांवर "अनियंत्रित" उडत नसता. नियंत्रण असतं ते आयएफआर, म्हणजे यंत्रांच्या आधाराने उडणाऱ्या, विमानांवर. तुम्ही व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडणारे, असल्यामुळे तुम्हाला कुणी विचारत नाही, एवढंच. एकाच ढगाच्या कडेला तुमच्याशी कुणीच बोलत नाहीये आणि दोन मैलांवरच्या दुसऱ्याशी कंट्रोलर बोलतोय, असं रोज घडतं. तुमच्या नाकासमोरून गेलेल्या विमानाची गोष्ट बहुधा इथेच सुरू होते.

न बोललेल्या विमानाच्या मागे काय काय असू शकतं? सगळ्यात सोपं कारण म्हणजे त्याच्याकडे रेडिओच नसेल. इथे अजून पायपर कब उडतात, ज्यांत विजेची व्यवस्थाच नाही. टॉवर नसलेल्या विमानतळावर त्यांना रेडिओची सक्ती नाही आणि ते पूर्ण कायद्यात बसतं. दुसरं, तो बोलला, पण नेमक्या त्याच क्षणी तुम्हीही बोलत होतात. आपण बटण दाबलं की आपला रेडिओ बहिरा होतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही. तिसरं, तो अगदी व्यवस्थित, नियमाप्रमाणे दहा मैलांपासून बोलत आला, पण मागच्या विमानतळाच्या फ्रीक्वेन्सीवर. नवा आकडा स्टँडबायला भरला, अदलाबदलीचं बटण दाबायचं राहिलं. यावर हसू नका; हे तुम्हीही एक दिवस करणार आहात. मी केलंय, दोनदा.

चौथं कारण नव्या व्हीएफआर वैमानिकाला सहसा कुणी सांगत नाही. तो आयएफआर अप्रोचवर, म्हणजे यंत्रांच्या आधाराने उतरायच्या ठरलेल्या मार्गावर, होता. त्याचा रेडिओ अप्रोच कंट्रोलवर. कंट्रोलर त्याला विमानतळाच्या जवळ येईपर्यंत स्वतःकडे ठेवतो आणि मग "चेंज टू अ‍ॅडव्हायझरी फ्रीक्वेन्सी अप्रूव्ह्ड" म्हणून सोडतो. बरेचदा तोवर पाचएक मैलच उरलेले असतात. त्याच्याकडे दुसरा रेडिओ नसेल, किंवा एकटाच असून हात भरलेले असतील, तर तुमच्या फ्रीक्वेन्सीवर तो उगवतो तो थेट लांब फायनलला. शिवाय उगवल्यावर बोलतो तेही त्याच्या भाषेत: अमुक पाच अक्षरी बिंदूवरून आत येतोय, आरनॅव्ह (उपग्रहाच्या आधाराचा) अप्रोच. ज्याने आयएफआर शिकलेलं नाही त्याला तो बिंदू पाच मैलांवर आहे की दहा, उत्तरेला की दक्षिणेला, कशाचा पत्ता नसतो. ऐकू आलं, पण कळलं नाही. तुमच्या बाबतीत दिवस ढगाळ होता आणि ते विमान सरळ फायनलला गेलं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून माझा अंदाज याच कारणाकडे झुकतो.

आता मुख्य प्रश्न. मी विद्यार्थ्यांना आकडा पाठ करायला देत नाही, एक प्रश्न देते: पुढच्या दहा मिनिटांत माझ्यावर येऊन आदळू शकेल असं विमान आत्ता कुठली फ्रीक्वेन्सी ऐकत असेल? ती तुमच्या पहिल्या रेडिओवर हवी. दुसऱ्या रेडिओवर असेल त्याच्या नंतरची शक्यता. हा प्रश्न दर दहा मिनिटांनी नव्याने विचारायचा, कारण उत्तर बदलत राहतं.

जमिनीवर उत्तर सोपं आहे. इंजिन सुरू व्हायच्या आधी हवामानाचं यंत्र ऐकायचं, आणि सुरू झाल्यापासून विमानतळाची सीटीएएफ, म्हणजे सगळ्यांची मिळून जी एक फ्रीक्वेन्सी असते ती. चार्टवर विमानतळाच्या नावापाशी, गडद गोलातल्या सी अक्षराच्या आधी ती छापलेली असते: १२२.७, १२२.८, १२३.० आणि त्यांचे भाऊबंद. जिथे युनिकॉमही, म्हणजे विमानतळावरच्या कचेरीचा रेडिओही, नाही तिथे १२२.९. नुसतं टॅक्सी करताना ऐकून भागत नाही. धावपट्टीवर जाण्याआधी निदान दोन-तीन मिनिटं फक्त ऐकलेलं असावं. पॅटर्नची, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी मार्गाची, एक फेरी साधारण पाच-सहा मिनिटांची. अर्धी फेरी ऐकलीत तर कोण आत आहे ते कळतं.

निघाल्यावर दहा मैलांपर्यंत तीच फ्रीक्वेन्सी ठेवायची आणि जिथे उतरायचं तिथली दहा मैल आधीपासून, ही शिफारस एफएए या इथल्या हवाई नियामक संस्थेचीच आहे. दहाच का, याचा हिशेब करून बघा. तुम्ही ११० नॉटने, म्हणजे ताशी ११० सागरी मैलांनी, जाताय, समोरून तेवढ्याच वेगाने दुसरा येतोय. दहा सागरी मैल पावणेतीन मिनिटांत संपतात. समोरचं विमान वेगवान जुळ्या इंजिनांचं असेल तर दोन मिनिटंही उरत नाहीत. म्हणून मी ऐकायला पंधरा-वीस मैलांपासून लागते आणि बोलायला दहापासून.

मधल्या तासाचं काय? शेजारच्या कॅनडात याला एक उत्तर आहे: अनियंत्रित क्षेत्रातून प्रवास करताना सगळ्यांनी १२६.७ ऐकायची आणि अधूनमधून तिच्यावर आपला ठावठिकाणा सांगायचा. अमेरिकेत अशी प्रवासातली सामाईक फ्रीक्वेन्सी नाहीच. विमानातून विमानात बोलायला १२२.७५ आहे, पण ती ठरवून बोलणाऱ्या दोघांसाठी. वाटेतला अनोळखी माणूस ती ऐकत असेल या भरवशावर राहू नका. १२३.४५ वर गप्पा मारणारे भेटतील. ती फ्रीक्वेन्सी महासागरावरून जाणाऱ्या, जमिनीवरच्या केंद्रांच्या टप्प्याबाहेरच्या विमानांसाठी आहे. कॉर्नफील्डवरून जाताना तिच्यावर जेवणाचा बेत ठरवणं बरोबर नाही, कितीही जण करत असले तरी.

तेव्हा मधल्या तासासाठी माझं उत्तर: कॉम १ वर, म्हणजे पहिल्या रेडिओवर, फ्लाइट फॉलोइंग, कॉम २ वर आळीपाळीने वाटेतल्या विमानतळांची सीटीएएफ आणि १२१.५. हँगरमधल्या काकांचं बरोबर आहे, फक्त त्यांनी कारण अर्धंच सांगितलं असणार. फ्लाइट फॉलोइंगमध्ये कंट्रोलर तुम्हाला आसपासची विमानं सांगतो, हा फायदा खराच. पण ते त्याच्या सवडीने. कामाचा रेटा असला तर नाही म्हणतो, रडारला जे दिसत नाही ते सांगू शकत नाही आणि खाली उतरत गेलात की त्याच्या रडारमधून तुम्हीही निसटता. माझ्या दृष्टीने मोठा फायदा दुसरा आहे. तुम्ही त्याच फ्रीक्वेन्सीवर बसलेले असता जिच्यावर ती आयएफआर विमानं आहेत. तुमच्या घरच्या विमानतळाचा अप्रोच कुणाला मिळाला, हे तुम्हाला सीटीएएफवर कळायच्या आठ-दहा मिनिटं आधी तिथे कळतं.

आता तुमच्या शिकवणाऱ्यांचं १२१.५. तेही चूक नाहीत. ११ सप्टेंबर २००१ नंतर एफएएने शक्य असेल त्या प्रत्येक विमानाने ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी, जिला सगळे गार्ड म्हणतात, ऐकत राहावी असं सांगितलं. तुम्ही चुकून निषिद्ध क्षेत्राकडे निघालात आणि लढाऊ विमान बाजूला आलं, तर ते तुम्हाला तिथेच हाक मारणार. दुसरं कारण मला जास्त जवळचं वाटतं. पडलेल्या विमानातला जुन्या धाटणीचा ईएलटी, म्हणजे आदळल्यावर आपोआप वाजणारा रेडिओ-भोंगा, १२१.५ वर किंचाळतो, आणि १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ती फ्रीक्वेन्सी ऐकणं बंद केलंय. ते आता फक्त ४०६ मेगाहर्ट्झ ऐकतात. म्हणजे जुना ईएलटी बसवलेलं विमान शेतात पडलं, तर वरून जाणाऱ्या तुमच्या-माझ्याशिवाय त्याला ऐकणारं जवळपास कुणी नाही. वरून खाली उतरत जाणारा सायरनसारखा सूर असतो तो, एकदा ऐकलात की विसरणार नाही. तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीन वेळा ऐकू येऊन थांबला तर कुणीतरी हँगरमध्ये चाचणी घेतंय, तेवढी मुभा आहे. चालूच राहिला तर वेळ आणि जागा टिपा आणि कंट्रोलरला सांगा.

गार्डवर याशिवाय काय ऐकू येतं, हे मित्राला विचारू नका. मोठमोठ्या विमानांतले लोक तिथे मांजरासारखं म्याव म्याव करतात, आणि कुणी चुकून बोललं की दहा जण एकदम "गार्ड!" म्हणून ओरडतात. या वात्रटपणाला कंटाळून बरेच जण आवाज शून्यावर आणतात. आवाज कमी करा, शून्य करू नका. आणि एक सवय लावून घ्या: उतरल्यावर, विमान बंद करण्याआधी, दहा सेकंद १२१.५ लावा. आदळत उतरला असाल तर तुमच्याच शेपटीतला ईएलटी वाजत असू शकतो.

मित्राच्या गाण्यांबद्दल एवढंच: ब्लूटूथ हेडसेटमध्ये रेडिओ आला की गाणं आपोआप बारीक होतं, हे खरं. पण तुटका, दुरून आलेला, अर्धा शब्द ऐकायला जे रिकामं डोकं लागतं ते गाण्यात अडकलेलं असतं.

ऐकायचं कसं, यावर आता जरा रेंगाळते. ऐकू येणं आणि कानोसा घेणं यांत जो फरक आहे त्यावरच सगळं अवलंबून आहे. व्हीएचएफ रेडिओ साधारण नजरेच्या रेषेत चालतो. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून १.२३ ने गुणलं की क्षितिज किती सागरी मैलांवर आहे ते मिळतं. ३,००० फुटांवर ते ६७ मैल. समोरचाही ३,००० वर असेल तर दोघांची क्षितिजं जोडून तुम्ही एकमेकांना तब्बल १३४ मैलांवरून ऐकू शकता. आणि १२२.८ वापरणारी विमानतळं त्या वर्तुळात कितीतरी. म्हणजे शनिवारी सकाळी तुमच्या कानात पडणाऱ्या दहातल्या नऊ बोलण्यांशी तुमचा काडीचा संबंध नसतो. त्यातलं दहावं निवडायचं असतं.

एक मिनिटाचा नमुना देते, माझ्या गुडघ्यावरच्या कागदावर उतरलेला असतो तसा. पहिलं बोलणं: "...विल ट्रॅफिक, बोनान्झा, फाइव्ह माइल्स साउथ, इनबाउंड." सुरुवातीचा शब्द गेला, कारण त्याने बटण दाबता दाबताच बोलायला सुरुवात केली. आता इलिनॉयमध्ये टेलरविल आहे, शेल्बीविल आहे, जॅक्सनविल आहे, ग्रीनविल आहे. आपल्याकडे "...गाव" एवढंच ऐकू यावं आणि तो जळगावला निघालाय की कोरेगावला ते ओळखायचं, तसलाच प्रकार. म्हणूनच विमानतळाचं नाव वाक्याच्या शेवटी पुन्हा घ्यायचं असतं. त्याने घेतलं नाही. मी कागदावर बोनान्झा, दक्षिण पाच, आणि पुढे प्रश्नचिन्ह लिहिते. दुसरं बोलणं: किंचाळल्यासारखा चिरका आवाज, शब्द नाहीत. दोघं एकदम बोलले. विमानाचे रेडिओ एएमवर चालतात आणि दोन लहरी एकमेकींवर चढल्या की असा आवाज येतो. एफएम असतं तर जोरकस आवाजवाल्याने दुसऱ्याला पूर्ण गिळलं असतं आणि दुसरा होता हेच कळलं नसतं. चिरका आवाज म्हणजे निदान "इथे दोघं आहेत" ही बातमी, म्हणून तो मी आनंदाने सहन करते. तिसरं बोलणं: "स्कायहॉक, टर्निंग लेफ्ट बेस, रनवे वन एट, टेलरविल." हा माझ्या विमानतळावरचा. कागदावर पॅटर्नचा चौकोन काढलेलाच असतो. बेसच्या, म्हणजे फायनलला वळण्याआधीच्या, बाजूला एक ठिपका. चौथ्याची वाट बघते, बोनान्झा परत बोलेल म्हणून. नाही बोलला तर मीच विचारते, अगदी थेट: पाच मैल दक्षिणेला असलेला बोनान्झा, तू कुठल्या विमानतळावर येतोयस?

असं एकाला नेमकं विचारणं आणि "एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज अ‍ॅडव्हाइज" असं मोघम आवाहन करणं यांत मोठा फरक आहे. ते आवाहन कुठल्याही परिस्थितीत करू नये असं एफएएच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट छापलंय. कारण उघड आहे: पाच जण ऐकत असतील तर पाचही एकदम उत्तर देणार, आणि तुमच्या वाट्याला तो चिरका आवाज.

रात्रीची एक गंमत सांगते. बऱ्याच लहान विमानतळांवर धावपट्टीचे दिवे वैमानिक आपल्या माइकच्या बटणाने लावतो: पाच सेकंदांत सात वेळा दाबलं की सगळ्यात प्रखर, मग पाच किंवा तीन वेळा दाबून कमी करायचे, आणि पंधरा मिनिटांनी ते आपोआप विझतात. हे बहुतेक ठिकाणी सीटीएएफवरच चालतं. तेव्हा रात्री तुमच्या हेडसेटमध्ये टक टक टक असे शब्दांविना ठोके आले आणि खालच्या धावपट्टीचे दिवे तुम्ही काही न करता उजळले, तर कुणीतरी येतंय. तो अजून बोललेला नाही, पण त्याने दार वाजवलंय.

आता कान असूनही काय होऊ शकतं, ते सांगायला मला नेहमी क्विन्सीकडेच यावं लागतं. आमच्याच राज्यातलं गाव, मिसिसिपीच्या काठावर, टॉवर नसलेलं विमानतळ. १९ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ, उजेड सरत आलेला. युनायटेड एक्सप्रेसचं बीचक्राफ्ट १९०० हे छोटं प्रवासी विमान १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायला येत होतं. तिला छेदणाऱ्या ४ क्रमांकाच्या धावपट्टीवर एक किंग एअर उड्डाणासाठी उभं आणि त्याच्या मागे एक लहान चेरोकी. प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी आपण येतोय हे पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि शेवटी सरळ विचारलं: चार नंबरच्या धावपट्टीवर आहात ते थांबणार आहात की निघणार? किंग एअरकडून उत्तर नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने: आपण चार नंबरवर उड्डाणासाठी थांबलोय. त्याचं वाक्य पुरतं ऐकू जायच्या आत प्रवासी विमानातल्या जमीन-सूचक यंत्राने "टू हंड्रेड" म्हटलं आणि त्याखाली शेवटचे शब्द झाकले गेले. वैमानिकांना वाटलं किंग एअरच बोललं, थांबतंय. त्यांनी आभार मानले. ती समजूत कुणी दुरुस्त केली नाही. किंग एअर निघालं. दोन्ही विमानं छेदावर आदळली. प्रवासी विमानातले बारा आणि किंग एअरमधले दोन, असे सगळे चौदा जण गेले.

तपासात मुख्य कारण ठरलं ते किंग एअरच्या वैमानिकांनी सामाईक फ्रीक्वेन्सी नीट न ऐकणं किंवा आजूबाजूला नीट न पाहणं, आणि हातभार लावणारं कारण चेरोकीचं ते अर्धवट ऐकू गेलेलं उत्तर. मी हे वर्गात सांगते तेव्हा विद्यार्थी किंग एअरवर चिडतात. मला चेरोकी जास्त छळते. त्याने मदत करायला तोंड उघडलं होतं. त्याने आपल्या विमानाचा नोंदणी क्रमांक सांगितला, पण क्रमांकावरून कुणाला कळणार तो कोण? "चेरोकी, किंग एअरच्या मागे" हे शब्द सुरुवातीलाच असते, तर यंत्राने शेवटचे कितीही शब्द गिळले असते तरी चाललं असतं. म्हणून माझ्याकडे शिकलेला प्रत्येक जण विमानाचा प्रकार आधी सांगतो. ऐकणाऱ्याचे डोळे आकार शोधत असतात, आकडे शोधत नसतात. आणि उत्तर आलं की स्वतःला विचारायचं: हे उत्तर मी ज्याला विचारलं त्याचंच आहे का? शंका असेल तर वर जा, पुन्हा फेरी मारा. पेट्रोलचे चार डॉलर जातील.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविलचं. १८ ऑगस्ट २०२२. तिथे दोन्ही विमानं योग्य फ्रीक्वेन्सीवर होती आणि दोघांचंही बोलणं हवेत होतं. सेसना १५२ पॅटर्नमध्ये, आणि जुळ्या इंजिनांचं सेसना ३४० दहा मैलांपासून सांगत सरळ फायनलला, पॅटर्नला न शोभणाऱ्या वेगाने. लहान विमानातल्या एकट्या वैमानिकाला मागून येणाऱ्याचा वेग खटकला, त्याने तसं म्हटलंही. तरी ती आदळली आणि तीन जण गेले. ऐकलेलं कळलं तरी त्यावरून वेळेत काही करावं लागतं. कुणी "स्ट्रेट-इन" म्हटलं की माझा पहिला प्रश्न वेगाचा असतो, आणि तो ९० नॉटपेक्षा जास्त वाटला तर मी बेसला वळत नाही. डाउनविंड लांबवते किंवा बाहेर पडते. हक्क कुणाचा यावर जमिनीवर वाद घालता येतो.

तुमच्या आयपॅडवर एडीएस-बीची, म्हणजे आपली जागा स्वतःच प्रक्षेपित करणारी, विमानं दिसतात, त्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. वापरा, मीही वापरते. पण १ जानेवारी २०२० पासूनची सक्ती ठरावीक क्षेत्रांपुरती आहे. मोठ्या शहरांपासून दूर, खालच्या उंचीवर उडणाऱ्याला ती लागू नाही, आणि वीजव्यवस्थाच नसलेल्या कबला तर तिथल्याही बऱ्याच सक्तीतून सूट आहे. जे विमान रेडिओवर नसतं तेच पडद्यावरही नसण्याची शक्यता दांडगी. अशा वेळी उरते फक्त खिडकी.

यंत्राचे दोष थोडक्यात. ऑडिओ पॅनेलवर कॉम २ चं ऐकण्याचं बटण दाबलेलं आहे का, आवाज खरंच येतोय का, हे स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी सोय, उघडून खरखर ऐकून तपासा. नुसता आकडा दिसतोय यावर विसंबू नका. काही विमानांत कॉम १ वर बोलताना कॉम २ गप्प होतो, तुमच्यात होतो का ते जमिनीवर बघून ठेवा. नव्या रेडिओंत स्टँडबायवरची फ्रीक्वेन्सी पाठीमागे ऐकायची सोय असते. तुमच्यात असेल तर दोन रेडिओंचे तीन होतात.

आणि अडकलेलं बटण. एकदा पुण्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याबरोबर सरावाला गेले होते. अर्ध्या तासाने मला वाटलं, शनिवारची सकाळ, हवा सुरेख, आणि रेडिओवर इतकी शांतता कशी? त्या दिवशी छान वाटलं, हे माझं चुकलं. उतरून इंधन भरताना पलीकडचे एक म्हातारे शेतकरी वैमानिक आले आणि त्यांनी अगदी आदराने विचारलं, "हे मिसल काय असतं?" योकवरचं, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावरचं, बोलण्याचं बटण आत रुतून बसलं होतं. उपवासाच्या मिसळीत दाणे असावेत की नसावेत यावरचा आमचा सगळा वाद तीन काउंट्यांनी मराठीतून ऐकला होता, आणि त्या वेळात त्या फ्रीक्वेन्सीवर दुसऱ्या कुणाला धड बोलता आलं नव्हतं. तेव्हापासून गजबजलेल्या वेळी दोन-तीन मिनिटं काहीच ऐकू आलं नाही, की मी आधी रेडिओच्या पडद्यावर प्रक्षेपणाची खूण पेटलीय का ते बघते, मग आवाज, मग आकडा.

तुम्ही पुढे भारतात परत जाऊन उडणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. इथे देशांतर्गत उडताना रेडिओ वापरायला वेगळा परवाना लागत नाही. तिकडे आरटीआर या रेडिओ-परवान्याची परीक्षा आणि परवाना लागतो, आणि बोलण्याच्या ठरलेल्या शब्दांबाबत तिकडे चोख असतात. इथल्या सीटीएएफवरचा मोकळेपणा तिथे नेऊ नका. पण टॉवर नसून प्रशिक्षण संस्थांच्या विमानांनी गजबजलेल्या ठिकाणी कानोसा घेण्याची ही सवय जशीच्या तशी कामी येते.

सरावासाठी पुढच्या शनिवारी उडू नका. हातातला रेडिओ घेऊन विमानतळाच्या कुंपणापाशी गाडीत तासभर बसा. बोलण्याच्या बटणाला हात लावू नका, जमिनीवरून असं बोलायची तुम्हाला परवानगी नाही. कागदावर धावपट्टी काढा, प्रत्येक आवाजासाठी ठिपका ठेवा आणि मग मान वर करून बघा, विमान तिथे आहे का. पहिल्या अर्ध्या तासात तुमचे निम्मे ठिपके चुकतील. कुठलं विमान ठिपक्याशिवायच उतरलं तेही लिहा, आणि त्याची वेळ. मग चार्ट सप्लिमेंटमध्ये, म्हणजे विमानतळांच्या माहितीपुस्तिकेत, तुमच्या विमानतळाच्या नोंदीत अप्रोचची फ्रीक्वेन्सी छापलेली असेल, ती शोधा. जमिनीवरून अप्रोच कदाचित ऐकू येणार नाही, पण त्याच्या पुढच्या शनिवारी वर गेल्यावर ती कॉम २ वर लावून ठेवा. तुमच्या नाकासमोरून गेलेलं ते विमान बहुधा तिथे बोलत होतं.